इवायांची गाडी आणि माझं वांगं

मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये वांगं कोंबलं की ती सुरू होत नाही. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. आठ वर्षं ही माहिती मी कुणालाही दिली नाही. त्यापायी एका निरपराध मिस्त्रीला, एका धडधाकट गाडीला आणि माझ्या व्याह्यांच्या उजव्या डोळ्याला बरंच सोसावं लागलं. आता वय झालं. एवढं ओझं घेऊन किती चालायचं? म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

आमचे व्याही (आमच्या बोलीत इवाई) वामनराव, म्हणजे सूनबाईचे वडील, निवृत्त मास्तर. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला चुडाव्यात आमच्या दारात त्यांची गाडी थांबली. पूर्णेला निघाले होते, वाटेत लेकीला भेटायला डोकावले. चहाला नुसते ओठ लावले आणि उठले.

"इवाई, जेवल्याबिगर?" मी वाट अडवली.

"आज न्हाई, नाना. बाराच्या आत पूर्णेत पोचायचंय."

"असं काय काम हाय?"

"हाय एक," म्हणत त्यांनी लेकीकडे चोरून पाहिलं.

व्याही न जेवता दारातून गेले, ही बातमी आमच्या गावात वर्षभर पुरते! अशा वेळी पाहुण्याची चप्पल नाहीतर गाडीची किल्ली लपवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण वामनरावांना त्याचा अनुभव होता. (मागच्या खेपेला त्यांची चप्पल आम्ही इतकी चांगली लपवली की ते माझी घालून घरी गेले.) त्यामुळे ते ओसरीवर चपलेसकट बसले होते, आणि किल्ली मुठीत.

आमची ही आतून दबक्या आवाजात म्हणाली, "भरली वांगी चुलीवर हायत. अर्धा तास अडवा त्यांना. कसं बी करा."

'कसं बी करा' हे शब्द बायकोने नवऱ्याला जपून सांगावेत. मी टोपलीतलं एक छोटं काटेरी वांगं उचललं, देठ मोडलं, आणि बापलेक बोलत होते तेवढ्यात खलबत्त्यातल्या बत्त्याने ते सायलेन्सरमध्ये ठोकून बसवलं. बेत सरळ होता. गाडी चालू होणार नाही, व्याही जेवतील, ते हात धुवायला उठले की मी वांगं काढून घेईन. बेतात एकच उणीव होती. देठ मोडलेलं वांगं आत जातं, बाहेर ओढायला त्याला काही उरत नाही.

वामनरावांनी किक मारली. फुस्स! पुन्हा मारली. फुस्स!

"थांबा, थांबा," मी म्हणालो, "मिस्त्री बघंल. तवर दोन घास खाऊन घ्या."

ते मटकन ओट्यावर बसले. "नाना, आता लपवून काय करू? पूर्णेत डोळ्याचं शिबिर हाय. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावा बी अंधुक झालाय. बाराला नावं घेनं बंद. डॉक्टरनं उपाशी या म्हणलंय. पुढल्या म्हयन्यात धाकटीचं लगीन हाय. तिचं तोंड नीट दिसावं, दुसरं काय?"

"बाबा!" सूनबाई ओरडली. "तुमी एका डोळ्यानं गाडी चालवत आलाव?"

इकडे माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. वांगं ताबडतोब काढायला हवं होतं. मी एक सळई घेऊन गाडीच्या मागे वाकलो, तेवढ्यात शेजारचा दिगंबर आला. "नाना, तिकडं काय बघायलाव? दुखनं पुढं हाय! प्लग गेलाय." त्याने प्लग काढला, घासला, फुंकला, बसवला. फुस्स. मग "पेट्रोल चढंना झालंय" म्हणत त्याने गाडी आडवी केली आणि व्याह्यांचं निम्मं पेट्रोल आमच्या अंगणाला पाजलं. मी दोनदा मागे सरकलो, दोनदा मला ओढून पुढे आणलं. कारण मी रेल्वेतला! (मी पार्सलच्या खिडकीवर कारकून होतो. पण रेल्वेतल्या माणसाला इंजिन कळतं, असं अख्ख्या गावाचं मत. आणि मी तीस वर्षांत ते खोडलं नव्हतं.)

दुसरं वाहनही मिळेना. मुलगा गाडी घेऊन कामाला गेलेला, पॅसेंजर केव्हाच निघून गेलेली, दिगंबरचा ट्रॅक्टर शेतात. शेवटी सलीम मिस्त्री पिशवी घेऊन आला. त्याने एकच किक मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हवा कोंडायली, नाना. सायलेन्सर बघतो."

अवघ्या एका मिनिटात त्याने नेमकं ओळखलं होतं! तिथेच सगळं मिटलं असतं. पण चारचौघांत, व्याह्यांसमोर, त्या नळीतून आमच्या स्वयंपाकघरातलं वांगं निघणार, या भीतीने मी ओरडलो, "सायलेन्सरला हात लावू नको! कार्बुरेटर बघ, कार्बुरेटर!"

"पन नाना..."

"मी रेल्वेत होतो का तू?"

बिचाऱ्याने कार्बुरेटर उघडला. तो स्वच्छ होता. पुन्हा जोडेपर्यंत पावणेबारा वाजले. वामनराव सारखे घड्याळ बघत होते. एक डोळा झाकून, कारण दोन्हींनी काटे चार दिसत!

"धक्का मारा!" दिगंबर म्हणाला. वामनराव गाडीवर बसले. दिगंबर डावीकडून, सलीम उजवीकडून आणि पापाचा धनी मी बरोबर मागे. उतारावर गाडीने वेग घेतला, वामनरावांनी क्लच सोडला आणि... धडाम!

वांगं माझ्या नडगीवर आदळलं आणि पायाशी पडलं. गाडी भर्रकन निघाली. लोक टाळ्या वाजवत वळले. आता ते खाली बघणार, एवढ्यात मी होतो तिथेच, त्या वाफाळत्या वांग्यावर, बसलो.

"काय झालं, नाना?"

"पाय मुरगळला," मी म्हणालो. डोळ्यांतून आलेलं पाणी अगदी खरं होतं.

वामनराव पोचले तेव्हा नावं घेणं बंद झालं होतं. पुढचं शिबिर चार महिन्यांनी. धाकटीच्या लग्नात त्यांनी फुलं उधळली ती व्हिडिओवाल्यावर. सगळे हसले. मी हसू शकलो नाही. लेक पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नाना, त्या सलीमनं कार्बुरेटर उघडून घोळ घातला."

मी मान डोलावली. नुसती मान नव्हे, "मिस्त्री बदला," असा सल्लाही दिला. तेव्हापासून त्यांची सगळी भावकी सलीमच्या दुकानावरून सरळ पुढे जाते.

गेल्या आठवड्यात आधी सलीमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो पाना पुसत शांतपणे म्हणाला, "मालूम हाय, नाना. भरताचा वास आला होता."

"मग तवाच बोलला कामून न्हाईस?"

"कसं बोलू? तुमी बुजुर्ग मानूस. अन् त्याच्यावर बसला होतात."

मग व्याह्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर म्हणाले, "नाना, पयलं त्या सलीमच्या दुकानात जातो, माफी मागतो. तुमी रविवारी जेवायला या. जेवल्याबिगर जाऊ देनार न्हाई."

आवाजात राग अजिबात नव्हता. त्यानेच मला घाम फुटला. रविवारी जाणार आहे, पण एसटीने, आणि स्टँडपासून पायी. बंद पाडण्यासारखे माझ्याजवळ आता फक्त गुडघे उरलेत, आणि ते वयाने केव्हाच बंद पाडून ठेवलेत.