नाळेतल्या रक्ताचे दोन रिपोर्ट

माझ्या आणि धाकट्या जावेच्या बाळंतपणात एका महिन्याचं अंतर होतं. गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली की आईच्या अंगात तयार होणारी प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात, हे घरात मीच पहिल्यांदा सांगितलं. वर्तमानपत्रात आरोग्याचं पान मी बघते. वडगावच्या आमच्या घरात सासूबाईंचं मत वेगळं होतं. "धनुर्वाताची घेतलीस न्हवं? बास. ही नवी सुई ओटी भरल्यावर."

माझ्या सातव्यात भावकीत सुतक आलं. आठव्यात ओटी भरत नाहीत. ती नवव्यात भरली, दुसऱ्या दिवशी मी लस घेतली आणि त्यानंतर आठवड्याभरात मुलगी झाली. जावेची ओटी सातव्यातच भरली. तिची लसही लगेच झाली.

दोन्ही वेळा नाळेतलं रक्त तपासायला दिलं, तेही माझ्याच आग्रहानं. रिपोर्टात दोन ओळी होत्या. एक जंतूच्या विषाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, दुसरी जंतू ज्या प्रथिनानं घशात चिकटतो त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची. माझ्या मुलीचे दोन्ही आकडे तळाला होते; प्रतिपिंडं तयार होऊन नाळेतून जायला एक आठवडा पुरला नव्हता. जावेच्या मुलाचे कितीतरी वर.

"धाकटीनं पोराला लई दिलंय बघ," सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. घरात कुणी खोकलं की मी मुलीला उचलून आतल्या खोलीत नेत होते.

मुलीला डांग्या खोकल्याच्या तिच्या लसीचा दुसरा डोस द्यायला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना जावेचा रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, "आईकडून भरपूर आलेली असली की लस दिल्यावर बाळाची स्वतःची प्रतिपिंडं सुरुवातीला जरा कमी वाढतात. पण म्हणून डोस लांबवायचा नाही. त्यानं बाळाचं नुकसानच होईल."

जाऊ खानापूरला माहेरी होती. तिच्या मुलाचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी होता. मी घरी येताच तिला फोन केला आणि डॉक्टरांचं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

"व्हय आक्का?" तिचा आवाज उतरला. तो उतरलेला ऐकायलाच मी फोन केला होता. "म्हणजे माझीच त्याला नडत्यात? मग उद्याची सुई पुढं ढकलू काय? तुम्ही म्हणाल तसं करते."



"ढकलू नको," मी म्हणाले. "वेळेवरच द्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली.