मुलगा म्हणून घेतला

त्या एप्रिलात अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या घरी एकाच कॉलेजची दोन पाकिटं एकाच दिवशी आली. माझं जाडजूड, माझ्या जुळ्या बहिणीचं पातळ. जाड म्हणजे ॲडमिशन, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मी उड्याच मारायला लागलो. बहिणीने आपलं पाकीट फोडलं आणि म्हणाली, "वेटिंग लिस्ट."

तिला सगळ्या विषयांत ए ग्रेड. मला केमिस्ट्रीत सी, तीही सरांच्या कृपेने.

"पाकिटांची अदलाबदल झालीय," आई म्हणाली.

बाबांनी लगेच कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. मुलींचे अर्ज ढिगाने येतात, मुलगेच हल्ली कमी झालेत, वर्गात समतोल नको का? तुमचा मुलगा आला तर आम्हाला खूप आनंद होईल!

बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "अगं, ह्याला मुलगा म्हणून घेतलाय!"

फोन ठेवला आणि बाबाच हसत सुटले. नागपूरला इंजिनिअरिंगला असताना राखीव जागेवरून त्यांनी चार वर्षं टोमणे ऐकले होते, आणि तरी वर्गात दुसरे आले होते.

"आणि हे आमचे दिवटे चिरंजीव!" डोळे पुसत ते म्हणाले. "सी ग्रेड घेऊन राखीव जागेवर निघालेत, वर आनंदाने आमंत्रण!"

आईला ठसका लागला. बहीण सोफ्यावर गडाबडा लोळली. "यू आर द कोटा, यार!" मी आधी रुसलो, मग मलाही हसू आवरेना.

संध्याकाळी ती ड्राइव्हवेत एकटीच बास्केटबॉल आपटत होती. मी जवळ गेलो.

"राग तुझा नाही, त्यांचा आहे," बॉल माझ्याकडे फेकत ती म्हणाली. "पास दे."

वेटिंग लिस्टवर थांबायला तिने साफ नकार दिला आणि स्कॉलरशिप घेऊन स्टेट युनिव्हर्सिटीत गेली.

मी मात्र कॉलेजात हातोहात खपलो. पहिल्याच आठवड्यात गायनवृंदाच्या बाईंनी मला जेवणाच्या रांगेत पकडलं. "मला गाता येत नाही," मी म्हणालो. "आवाज जाड आहे ना? पुरे!" त्या म्हणाल्या. नाटकवाल्यांनी राजा केलं, नाचाच्या क्लासात तर इतक्या मुलींना जोडीदार हवा होता, की मला वेळापत्रक करावं लागलं.

गायनवृंदाच्या पहिल्या कार्यक्रमाला घरचे सगळे आले. स्टेजवर तीस मुली आणि आम्ही चार मुलगे. मी नको तिथे सूर लावला. पहिल्या रांगेतून बहिणीने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की बाईंनी मागे वळून तिला वाकून नमस्कार केला.