कालोंगनं न पाजलेलं दूध

आमची थोरली बहीण, कालोंग, कोटा भारूच्या बाजारात बुडू विकायची. मिठात मुरवलेल्या मासळीचं हे काळपट पाणी नसेल तर आमच्या केलांतान मुलखातल्या माणसाचा भात घशाखाली उतरत नाही. म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडे यायची खरी, पण जरा बिचकतच. कुणी बरणीत बोट बुडवून चव पाहिली की ही म्हणायची, "घरी बायको चालवून घेते वाटतं? इथं चमचा आहे." हनुवटीवर मोठा तीळ आणि नाकाच्या शेंड्यावर राग. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी बाजारातल्या बायका अजून तिच्या आवाजात एकमेकींना दम देतात.

मी शेंडेफळ. तिच्या मुली मला मोक सू म्हणतात, म्हणजे धाकटी मावशी. कालोंगच्या मनातलं दुखणं घरात मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि त्याचं मूळ आमच्या आईत होतं.

आमची आई फार मायाळू. कुणाची बायको आजारी पडो, कुणाला दूध न येवो, लेकरू आमच्या ओसरीवर. आई मांडी घालून बसायची आणि पाजायची. गावानं तिला डोक्यावर घेतलं होतं. पुढे कालोंग अठरा वर्षांची झाली आणि नदीकडच्या घरातला आवांग तिला आवडायला लागला. त्यालाही ती आवडायची. बोलणी करायला त्याची माणसं निघाली, तेवढ्यात त्याच्या आजीला आठवलं: आवांग आमच्या आईच्या दुधावर वाढलेला. संपलं. आमच्या धर्मात एकीचं दूध प्यालेली मुलं म्हणजे सख्खी भावंडं, त्यांचं लग्न कसं लागणार? आवांग सिंगापूरला कामाला निघून गेला. पुढे ईदला आला की कालोंगला "ताई" म्हणायचा, आणि ती त्याला बुडूची बाटली द्यायची. फुकट. दुसऱ्या कुणाला तिनं कधी फुकट दिली नाही.

ती मला एकदाच म्हणाली होती, "आईनं गल्लीभर दूध वाटलं, आणि माझ्या वाट्याला नुसते भाऊच भाऊ आले."

नंतर तिचं लग्न झालं. नवरा भला माणूस, तिच्यापुढे बोलायचा नाही एवढंच. तीन मुली झाल्या. माझा मुलगा झाला तेव्हा मला छातीत गळू झालं होतं, आणि कालोंगला दूध भरपूर. मी पोर तिच्यापुढे धरलं. ती उठून डब्याचं दूध आणायला गेली. "माझ्या मुलींच्या वाटेतलं एकही दार मी बंद करणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "माझं पोर तुझ्या मुलींकडे ढुंकूनही बघणार नाही!" आणि ईदपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पोरानं पुढे सारावाकची एक नर्स बायको केली. ढुंकूनही पाहिलं नाही ते खरंच, पण राग मात्र माझ्या पोटात राहिला.

यंदा तिची धाकटी, वर्दिना, हिचं लग्न ठरलं. मुलगा फादली, पहांगमधल्या वसाहतीत वाढलेला, दोघं एकाच दवाखान्यात नोकरीला. मुलगी बघायला त्याची मावशी येऊन गेली होती. आई केलसोम तेव्हा मक्केला, उमराला गेली होती. त्यामुळे साखरपुड्याच्या दिवशी ती पहिल्यांदाच आमच्या घरात पाऊल टाकत होती. विड्याच्या पानांचा मनोरा, मिठाईची ताटं, चटया, सगळं मांडून झालं. वर्दिना नटून गादीवर बसली. केलसोमनं अंगठी हातात घेतली आणि सहज भिंतीकडे पाहिलं. तिथं कालोंगचा फोटो.

"अगं बाई! ही तर बुडूवाली कालोंग!" तिनं वर्दिनाला मिठीच मारली. "तू हिची मुलगी? मोठ्या पुरात शाळेत आसरा घेतला होता आम्ही, पलीकडच्या काठावरून होडीतून आणलं होतं मला. मी तापानं फणफणलेली. माझ्या फादलीला तिनं दूध पाजून जगवलं गं! पूर ओसरताच आम्ही पहांगला गेलो, पण किती वर्षं तिची आठवण काढत होते..."

बोलता बोलता ती थांबली. तिच्या हातातली अंगठी तशीच राहिली. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून डाव पडला, तेवढाच आवाज. वर्दिनाचा चेहरा पांढराफटक. फादली पुरुषांच्या चटईवर अर्धवट उठला होता, त्याला बसावं की उभं राहावं कळेना. आईनं केलं तेच लेकीनं केलं की काय?

"नाही," मी म्हटलं. "कालोंगनं कुणाचा मुलगा पाजला नाही. माझासुद्धा नाही."

"मोक सू, तुम्ही होता तिथं?" साखरपुड्याला आलेल्या इमाम लतिफनी विचारलं.

"नव्हते. पण मला माझी बहीण माहीत आहे."

"खात्री वेगळी, साक्ष वेगळी." मग ते केलसोमकडे वळले. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"मी शुद्धीत कुठं होते? सुईणीनं सांगितलं. तोक जाराहनं."

आबांग लोंग, म्हणजे कालोंगचा नवरा, पहिल्यांदाच बोलला, "मी त्या दिवसांत होडीवर माणसं काढत होतो. पण तोक जाराह आहे अजून. कान चांगले आहेत तिचे."

तशाच नटव्या कपड्यांत आम्ही तीन गाड्यांनी निघालो. तोक जाराह ओसरीवर विडा कुटत बसली होती. आमची वरात बघून म्हणाली, "लग्न माझं आहे का?"

इमामांनी सगळं सांगितलं. म्हातारीनं खलबत्ता बाजूला ठेवला.

"मीच सांगितलं होतं तिला. आणि खोटं सांगितलं होतं."

"तोक, नीट आठवून बोला. पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"न आठवायला काय झालं? कालोंगच्या मांडीवर तीन महिन्यांची ही पोरगी, छाती भरलेली. शेजारी हिचा मुलगा भुकेनं काळानिळा. मी म्हटलं, घे पदराखाली. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, तुझं काळीज आहे की पाटा? सगळ्या बायका तिला वाट्टेल ते बोलल्या. मीही बोलले. ती म्हणाली, 'तोक, मांडीवर मुलगी आहे माझ्या. उद्या काय होईल कुणी सांगावं? मी याला उपाशी ठेवणार नाही, पण पाजणारही नाही.' मग भाताची पेज मागितली. आपल्या ओढणीचं टोक पेजेत बुडवायचं आणि याच्या ओठांवर पिळायचं. डब्याचं दूध घेऊन होडी येईपर्यंत तिनं हेच केलं. मी बाजूलाच होते, एकदाही तो तिच्या छातीला लागला नाही. अल्लाची शपथ."

"मग मला का सांगितलंत?" केलसोम म्हणाली.

"तू 'माझं लेकरू उपाशी मेलं' म्हणून ऊर बडवत होतीस. पेजेवर आहे म्हटलं असतं तर तूच गेली असतीस. दूध म्हटल्यावर डोळे मिटलेस, ताप उतरला. मला काय माहीत, तू ते पहांगपर्यंत घेऊन जाशील!"

माझा जीव भांड्यात पडला. इमामांनी दोन-तीन उलटे प्रश्न विचारले, म्हातारीनं एकेकाचं तोंड बंद केलं. मग ते म्हणाले, "भावंडं नाहीत. कुणीही मनात किंतु ठेवू नका." आबांग लोंग खांबाला टेकून खाली बसला आणि चक्क हसायला लागला.

फादली मला म्हणाला, "मोक सू, म्हणजे मी पेजेवर जगलो?"

"म्हणूनच असा पातळ आहेस," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत. इतकी वर्षं बहिणीवर धरलेला राग त्या ओसरीवर उतरला, आणि मला एकदम हलकं वाटलं.

मला वाटलं, इतक्या वर्षांचा उपकार खोटा निघाला म्हणून केलसोमला वाईट वाटलं असेल. तिनं वर्दिनाचा हात हातात घेतला.

"किती वेळ पिळत होती पेज?" तिनं विचारलं.

"दोन दिवस," तोक जाराह म्हणाली. "पोटची पोरगी पाजायची, खाली ठेवायची, की याला घ्यायची."

"छातीला लावलं असतं, तर बाई झोपली तरी असती," केलसोम म्हणाली, आणि तिथंच, विड्याच्या पानांच्या पसाऱ्यात, तिनं वर्दिनाच्या बोटात अंगठी घातली.