साडेतीन फुटांचा टिचकी

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या औंध गावठाणातल्या घराच्या पुढच्या खोलीत एकतीस वर्षांचा एक बाप्या राहायला आला, जो दर रविवारी आपली उंची साडेतीन फूट सांगायचा. मूळचा अकोल्याकडचा, अंगानं चांगला पावणेसहा फूट, हिंजवडीत कंप्युटरवर नोकरीला. रविवारी सकाळी माझ्या सागवानी टेबलाभोवती त्याची मित्रमंडळी जमली की हा छाती काढून म्हणायचा, "मी टिचकी. उंची साडेतीन फूट. जगातली सगळी कुलपं माझी मावसभावंडं." खरं नाव मला ठाऊक आहे. पण मी टिचकीच म्हणतो. एवढं पुरे त्याला.

खेळ कसला, तर बोलायचा. मुग्धा नावाची मुलगी गोष्ट सांगणार. समोर डोंगर आहे, गुहेत राक्षस आहे, वगैरे. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग काय करतं ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. एकदा बोललं की झालं, शब्द मागे घ्यायचा नाही. कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, आणि आमचे हे चोरटे, खोडकर बुटके. मी सुतार, शिक्षण चौथी. पण यांच्या वयात मी चौकटी बसवून घरं उभी केली होती. हे शिकलेले लोक बसल्या जागी राक्षस मारत होते आणि वर दमत होते.

या माणसाला सरळ खिळा ठोकता येत नव्हता. चार घाव खिळ्याच्या आजूबाजूला, पाचवा अंगठ्यावर. फोनवर दिवसभर "हो सर, झालंच सर". भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तर तीही घेऊन यायचा. म्हणे, "असू द्या काका, त्याचा बी माल खपला पाहिजे." आणि हाच रविवारी राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढून त्या जागी पपई ठेवायचा. सोबत्यांनाही सोडायचा नाही. मांत्रिकाच्या पोथीत बेडूक, लढवय्याच्या म्यानात मुळा. मी एकदा म्हणालो, "आठवडाभर शेळी आणि रविवारी वाघ. लाज वाटते का?"

"वाघ नाही काका, उंदीर. वाघाले लोक भितात. उंदीर दिसला की निदान ओरडून एकमेकांशी बोलतात तरी."

असली उत्तरं द्यायचा. मी कधी हसलो नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या खोडीनं त्याचंच घर उठवलं. त्यांच्यात कौसर नावाची मुलगी होती, रविवार पेठेतली. तिच्या घराण्याचं कुलपांचं जुनं दुकान. बोलायला सुरीसारखी. तिचं सोंग कट्यारी नावाची लढवय्यी. दोन वर्षं तिनं ती बाई वाढवली होती. एका गावाचं पाणी राक्षसानं अडवलं होतं, ते सोडवायची शपथ त्या बाईनं घेतली होती. (आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी अर्ज करून सुटतं. यांच्यात राक्षस लागतो.) तर टिचकीनं गंमत म्हणून तिच्या कमरेची औषधाची बाटली काढून तिथं चिंचेच्या पाण्याची अडकवली. आणि नेमकी लढाईत कट्यारी पडली. कौसर म्हणाली, "मी औषध पिते." मुग्धानं मान खाली घातली. बोललेलं मागे घेता येत नव्हतं. कट्यारी मेली.

टिचकी हसतच होता. कौसरनं कट्यारीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "तुला खोडी काढायला माझीच बाई सापडली? तीही औषधाची?" आणि गेली. तिच्यामागून बाकीचेही गेले.

पुढच्या रविवारी यानं टेबल पुसलं, पाच कप मांडले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही पाच कप. बारा वाजता मी म्हणालो, "उचल आता ते. मेलेलं बाहुलं, त्यासाठी एवढं सुतक?"

"बाहुलं नाही काका," तो म्हणाला. "पुण्यात मायी हीच चार माणसं आहेत."

"मग माफी माग."

"दहा वेळा सॉरी लिहून पाठवलं."

आता मला चीड आली. नुसतं सॉरी म्हणजे खिळ्यावर फुंकर मारणं. मी त्याला आमच्या सुतारी कारखान्याचा रिवाज सांगितला. आमच्याकडेही खोडकर होतेच. कुणी कुणाचा रंधा लपवायचा, कुणी डिंकाच्या डब्यात पाणी ओतायचा. पण मिस्त्रीचा नियम होता: तुझ्या खोडीनं ज्याचं काम अडलं, त्याचं काम तू पुरं करायचं. तोंड बंद ठेवून.

त्यानं चौघांना 'एकदा या, अडलेलं काम पुरं करायचंय' एवढंच कळवलं, आणि पुढच्या रविवारी चौघं आले. कौसर टेबलापाशी बसली नाही. माझ्या कॉटवर हाताची घडी घालून बसली. टिचकीनं कट्यारीची तलवार उचलली आणि तिची शपथ आपण पुरी करणार म्हणून सांगितलं. साडेतीन फुटांचा माणूस, चार फुटांची तलवार. दर पावलाला फासा टाकायचा, दर तिसऱ्या पावलाला पडायचा. तीन रविवार हेच. एक विनोद नाही, एक खोडी नाही. इतका कंटाळवाणा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तिसऱ्या रविवारी पाणी सुटलं. राक्षस जागा होऊन धावत आला. टिचकी निमूट फासा उचलणार, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, "अरे, आता तरी एखादी खोडी कर की! मेली मी आणि सुतक यालाच. तुझ्यापेक्षा हे सुतारकाका बरे, टोमणे तरी मारतात."

याचं नाक लाल झालं. हळूच म्हणाला, "त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून राह्यलो."

फासा टाकला. वीस पडले. राक्षस तोंडावर आपटला. कौसर उठून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मुग्धा, नवा कागद दे."

गेल्या वैशाखात कंपनीनं त्याला हैदराबादला धाडलं. शनिवारी दुपारी निघाला. पाया पडायला वाकला तर मी म्हणालो, "राहू दे, उठताना टेबलाला डोकं आपटशील." पिशवी उचलताना त्यानं विचारलं, "काका, कारखान्यात तुम्ही कोणाची खोडी काढली होती?"

"मी? कधीच नाही. मी आपल्या कामाशी काम ठेवणारा."

"मंग दुसऱ्याचं काम बी कधी केलं नसन," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

दीडदमडीचा टिचकी. मला शिकवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतीच्या देवळाकडे गेलो. आत गावठाणातले म्हातारे भजनाला बसतात. शेजारीपाजारी सगळे, पण त्यांच्यात मी कधी बसलो नाही. बाहेर चपलांचे अकरा जोड होते. मी प्रत्येकातली डावी चप्पल उचलून दुसऱ्या उजवीशेजारी ठेवली आणि पायरीवर बसून राहिलो. भजन संपलं. म्हातारे बाहेर आले आणि एकच गलका झाला. कुणी म्हणे कुत्र्यानं केलं, कुणी म्हणे शाळेतल्या पोरांनी. मी गुडघ्यावर हात देऊन उठलो, वाकलो आणि पहिली जोडी जुळवून एकाच्या पायांशी ठेवली.

"अहो, तुम्ही कशाला वाकताय?"

"मीच बदलल्यात," मी म्हणालो. "पाय पुढे करा."