खिळ्यावरची उष्टी रोटी

खोसियतखोला, म्हणजे माझी मावशी (आमच्याकडे मावशीला 'खोला' म्हणतात), एका माणसाला मोठ्याने हसली आणि त्या हसण्यापायी फौजेत गेली. आमच्या घरात तरी असंच सांगतात.

१९५८ सालचा कापसाचा हंगाम. ती एकोणीस वर्षांची. सामूहिक शेतावर तिच्याइतका कापूस वेचणारी दुसरी पोरगी नव्हती. हमदाम फौजेतला ट्रक ड्रायव्हर, सुट्टीवर आलेला. पोरींपुढे भाव खायचा म्हणून तो जर्दाळूच्या आठळ्या दातांनी फोडून दाखवत होता. तिसरी आठळी शाबूत राहिली आणि साहेबांचा वरचा पुढचा दात तुटला. बाकीच्या पोरी घाबरल्या. मावशी कापसाच्या ढिगात पडून पोट धरधरून हसली. आठवडाभरात त्याची आई मागणी घालायला दारात हजर.

त्या काळी आमच्याकडे जो तो सोन्याचा दात बसवून घ्यायचा. हमदाम नाही म्हणाला. "या दातावर बायको मिळालीय, ही फट अशीच राहू दे," असं तो साठीच्या म्हातारीलाही बेधडक सांगायचा.

पुढची चोवीस वर्षं मावशी छावण्यांतून फिरली. नऊ घरं झाली. बर्फातल्या एका छावणीत तर तिने खिडकीत पत्र्याच्या डब्यांतून कांदे लावले होते. शेजारच्या अधिकाऱ्यांच्या बायका म्हणायच्या, "आली बघा शेतकरीण!" मग तिने अंगणात मातीची भट्टी घातली. त्याच बायका सकाळी रोटीसाठी ताटल्या घेऊन उभ्या राहायला लागल्या. मावशी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायची. थोडी खवचट होतीच ती.

आमच्याकडे घरचा माणूस लांब निघाला की उंबऱ्यावर ताज्या रोटीचा एक घास चावून जातो. उरलेली उष्टी रोटी खिळ्याला टांगायची. परत आल्यावर ती त्यानेच संपवायची, दुसऱ्या कुणी तिला तोंड लावायचं नाही. रोटी वाट बघते, म्हणून माणूस परत येतो. हमदाम कामगिरीवर निघाला की मावशी रोटी पुढे करायची, आणि आला की ती कडक झालेली रोटी चहात बुडवून तो पूर्ण खायचा. एकदाही चुकलं नाही.

१९८१च्या जानेवारीत त्याच्या ट्रकांचा तांडा अमूदर्या नदी ओलांडून सरहद्दीपलीकडच्या लढाईत गेला. मे महिन्यात ओदिललाही, तिच्या एकुलत्या एका मुलाला, सक्तीच्या फौजी नोकरीवर दूर पूर्वेला नेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन खिळे, उजवीकडे बापाची रोटी, डावीकडे लेकाची. किडा लागू नये म्हणून कडू पानं घालून तिने प्रत्येकीला पिशवी शिवून तोंडही टाक्यांनी बंद केलं होतं. दोन्ही पिशव्या एकाच पिठाच्या गोणीच्या कापडाच्या.

पुढच्या शरदात छावणीच्या कचेरीतून निरोप आला की घर दुसऱ्या कुटुंबाला द्यायचंय, उद्यापर्यंत रिकामं करा. माझे वडील गावाहून ट्रक घेऊन गेले आणि मी मदतीला. तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मावशी भांडी बांधत होती. मी दोन्ही पिशव्या खिळ्यांवरून काढल्या आणि एका टोपलीत टाकल्या.

गावी पोचल्यावर तिने विचारलं, "मुनव्वर, उजवीकडची कुठली गं?"

मला ठाऊक नव्हतं. तिच्या हातचा मार फार लागायचा. मी एक पिशवी उचलून दिली. "ही घ्या, खोला. मी नीट लक्ष ठेवलं होतं ना!"

तिने विश्वास ठेवला आणि नव्या भिंतीत दोन खिळे ठोकले. मला वाटलं, पिशव्याच त्या, काय एवढं. आता लिहिताना माझ्या त्या वयाला दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशा वाटतात.

१९८३च्या मे महिन्यात ओदिल सुखरूप आला. अंगणात सगळा मोहल्ला जमला. मावशीने डाव्या खिळ्यावरची पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने हसत हसत दातांनीच टाके उसवले आणि आधी चावलेल्या जागीच तोंड लावलं. आणि थांबला. क्षणभरच. लोक टाळ्या वाजवत होते. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा रोटीकडे, आणि खाली मान घालून ती संपवली. शेवटचा तुकडा त्याच्या घशाखाली उतरेना. कुणीतरी ओरडलं, "अरे पाणी द्या, फौजी गुदमरतोय!" सगळे हसले. मी मात्र पाण्याच्या निमित्ताने आत पळाले.

अकराव्या दिवशी कागद आला. हमदामचा ट्रक दरीत सापडला, हमदाम सापडला नाही. बेपत्ता.

महिन्याभरात ओदिल कामाला म्हणून लांब उत्तरेला, चेल्याबिन्स्क शहरात निघून गेला आणि तिकडचाच झाला. इतक्या वर्षांत चारदा आला, तोही दोन दोन दिवसांसाठी. स्वयंपाकघरात तर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही त्याने. आल्यापासून निघायची घाई.

मी लग्न करून शेजारच्याच घरात आले, त्यामुळे पुढचं सगळं मी रोज पाहिलं. मावशीने फाटकाची कडी लावणं सोडलं. चहाचा एक पेला जास्त भरायची, गार झाला की जर्दाळूच्या बुंध्याशी ओतायची. भर दुपारी डिझेलचा वास आला म्हणून उठून बाहेर जायची. फाटक करकरलं की आतून हाक यायची, "आलात?" वाऱ्याने हललं असेल, असं मी म्हणायची. एकदा पान हलत नव्हतं आणि ते करकरलं. मीच आत जाऊन तिच्या खाटेवर बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

उजव्या खिळ्यावरची पिशवी भिंत रंगवतानाही उतरली नाही. तिच्याभोवतीने रंग लावला. तिच्यासमोर भाजी चिरताना माझी पाठ भाजल्यासारखी व्हायची. आत कुणाची रोटी आहे? हमदामची असेल तर तो यायचा आहे. ओदिलची असेल तर बापाची वाट मी मुलाच्या पोटात घातली. एकदा टाके उसवले असते की उत्तर मिळालं असतं, चावलेल्या कडेला दाताची फट दिसलीच असती. ती उघडत नव्हती आणि माझी छाती होत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात, पंचाऐंशीव्या वर्षी, मावशी अंथरुणाला खिळली. मला म्हणाली, "ओदिलला फोन लाव. म्हणावं, म्हातारी मरतेय. खोटं वाटलं तर येऊन बघ म्हणावं."

तो तिसऱ्या दिवशी आला. बासष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला. तिने त्याला स्वयंपाकघरातच बसवलं, स्वतःची खाटही तिथेच आणवली. मग मला म्हणाली, "काढ ती पिशवी. उसव."

"खोला, आधी ऐका," मी म्हणाले. "तेव्हा मी खोटं बोलले होते. कुठली कुठल्या खिळ्यावरची, मला नव्हतं ठाऊक."

"बोललीस एकदाची! उसव आता."

कात्री माझ्या हातातून दोनदा पडली. रोटी दगडासारखी होती, पण अख्खी. चावलेल्या कडेला वरच्या दातांची रांग स्पष्ट होती. सगळे दात जागच्या जागी. एकोणीस वर्षांच्या पोराचे.

ओदिल ढसाढसा रडायला लागला. "आई, पहिल्याच घासाला जिभेला लागली होती बाबांची फट. मला कळलं होतं. पण सगळे बघत होते, तू हसत होतीस. मी गिळलं गं. मी बाबांना गिळलं."

"अरे, मलाही अंगणातच कळलं होतं, तुझं तोंड बघून," मावशी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"पिशवी उसवली असती तर तुझा बाप त्याच दिवशी मेला असता. शिवलेली होती तोवर होता की तो. रोज यायचा होता." तिने त्याचा हात हातात घेतला. "त्याच्या लोभात तुला बाहेर ठेवला मी. तुझीच रोटी लटकत राहिली आणि तू घरी आलाच नाहीस. माझं चुकलं, बाळा. पोरीचं नाही, तुझं नाही. दरीत ट्रक रोटीने पडत नसतात."

मला तिने एवढं सांगायला एक्केचाळीस वर्षं लावली. राग आला मला. आणि तिच्या पायाशी बसून मी रडले.

"चहा ओत," ती म्हणाली.

मोठ्या वाडग्यात मी रोटी भिजत घातली. मऊ व्हायला अर्धा तास गेला. कवळी लावून ओदिल ती सावकाश खात होता, आणि मावशी प्रत्येक घास मोजल्यासारखी पाहत होती. कडू पानांचा वास होता तिला, आणि जुन्या कापडाचा. त्याने बोटाने वाडगा पुसून घेतला.

"आलास?" तिने विचारलं.

"आलो, आई."

ऊन अजून अंगणातच होतं. तिने डोळे मिटले आणि मला म्हणाली, "मुनव्वर, फाटकाला कडी घालून ये."

कडी गंजून गेली होती. दगडाने ठोकून बसवावी लागली.