तारेवरच्या लाल चिंध्या

शैला दीक्षितने करणी करून सिंधुबाईंच्या मुलाची, ललितची बदली सुरगाण्याला केली, ही बातमी सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये गंगापूर रोडवरच्या त्या कॉलनीत दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. करणी वगैरे काही नव्हतं. बाईने आपल्या होडीची एक तार काढून दुसरी लावली होती, एवढंच. पण शैलाताईंबद्दल साधं काही बोलायची कॉलनीला सवय नव्हती, आणि गोड बोलून कुणाला ती सवय लावण्याचा शैलाताईंचाही स्वभाव नव्हता.

वडील रामकुंडावर यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करणारे गुरुजी. मुलगी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. घरात देव्हारा नाही, लग्न नाही, आणि पार्किंगमध्ये मात्र शिडाची होडी. धरणावरचा एक क्लब बंद पडला तेव्हा तिने ती उचलून आणली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की होडी ट्रॉलीवरून घरी यायची आणि डोलकाठी उभी करून तपासणी सुरू व्हायची. त्या काठीला तीन तारा धरून ठेवतात, एक पुढून, दोन बाजूंनी. एक जरी सुटली तरी काठी आडवी. शैलाताईंचा सगळा जीव त्या तीन तारांत होता. माणसांसाठी फारसा उरत नसे, असं सिंधुबाई म्हणत.

त्या मे महिन्यात शैलाताईंनी नेहमीसारखा कापसाचा बोळा तारांवरून फिरवला. तारेचा एखादा पदर कुठे तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. पुढच्या तारेच्या खालच्या टोकाशी, जिथे तिचा फास दाबून बसवलेला असतो, तिथे कापूस अडकला. खूण म्हणून त्यांनी तिथे लाल चिंधी बांधली, मुंबईला नवी तार सांगितली आणि ड्यूटीवर गेल्या.

गॅलरीतून सिंधुबाईंनी पाहिलं ते असं, की गुरुजींच्या मुलीने तारेला कापसाचं वस्त्र वाहिलं आणि वर लाल फडकं बांधलं. वरून नास्तिक दाखवते, पण घराण्याची विद्या कुठे जाईल. ललित मालेगावला नोकरीत अडकला होता, सूनबाई पल्लवी नाशकात, आणि बदल्यांचे दिवस तोंडावर. त्याची बदली नाशकात व्हावी म्हणून सिंधुबाईंनी त्या चिंधीशेजारी आपली चिंधी बांधली. मग दुसरीने बांधली, तिसरीने. कुणी होडीला हळदकुंकू लावलं, कुणी तारेला नारळ टांगला.

नवी तार आली तेव्हा जुनी कुठे तुटली होती तेच दिसेना. शैलाताई चिंधी सोडायला गेल्या आणि सिंधुबाई आडव्या आल्या. बदलीची ऑर्डर निघेपर्यंत तारेला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. शैलाताईंनी सांगून पाहिलं, की ही सुटली तर काठी कुणाच्या तरी डोक्यात जाईल. सेक्रेटरी धनराज सोसायटीच्या वतीने म्हणाले, महिलांच्या भावना दुखावल्या तर होडी फाटकाबाहेर जाईल.

"मग ट्रॉली तुम्ही ओढा," शैलाताई म्हणाल्या.

होडीला दुसरी जागा नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी रविवारी भर सकाळी, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या असताना, त्या पान्हा घेऊन उतरल्या. शीड चढवायची दोरी होडीच्या पुढच्या टोकाला घट्ट बांधून आधी काठी सावरली, मग शिडीवर चढून तार वरून सोडवली. गॅलऱ्यांतून शिव्याशाप चालू होते; एकीने बापाच्या नावाला काळिमा फासला म्हणून गुरुजींनाही मध्ये ओढलं. शैलाताईंनी शिडीवरून उतरून तारेचं खालचं टोकही सोडवलं. जुनी तार चिंध्या-नारळासकट गुंडाळायला घेतली आणि चिंध्यांपाशी वाकवताच ती तुटून हातात आली.

धनराजांची स्कूटर बरोबर डोलकाठीखाली उभी होती. ते खाली आले, स्कूटर ढकलत पलीकडे नेली, आणि त्यानंतर होडी बाहेर काढायचा विषय त्यांनी काढला नाही. तारेचे दोन्ही तुकडे शैलाताईंनी सिंधुबाईंच्या दाराच्या कडीला अडकवले. एकही गाठ सोडली नव्हती.

आठवड्याने ललितची ऑर्डर आली. सुरगाणा. मालेगावला निदान हायवे होता, एसटी होत्या.

सिंधुबाई चार बायका घेऊन पार्किंगमध्ये आल्या. शैलाताई नव्या तारेचा ताण बघत होत्या, बोटाने तिला छेडत. पावणारा नवस तू मुद्दाम तोडलास, माझ्या ललितचं वाटोळं केलंस, आता सुनेला काय तोंड दाखवू, असं सिंधुबाई बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांचा श्वास संपेपर्यंत शैलाताई थांबल्या.

"तुटायला आलेली तार होती ती, सिंधुबाई. तिला माझी डोलकाठी पेलवत नव्हती, आणि तुम्ही तिच्यावर ललितची नोकरी टांगलीत."