तीर्थापुढे मिटलेलं तोंड

देवाचं तीर्थ मी तोंडात घेतलं नाही. दात दाबून धरले, मान फिरवली. बालाजीचं नाव घेतल्याशिवाय सकाळचा चहा न पिणारा मी, आणि दवाखान्याच्या खाटेवर त्याच बालाजीच्या तीर्थाला नाही म्हणालो. ते पाप झालं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रिसोडच्या बाजारात मी सोयाबीनची हर्रास पुकारायचो. एका दमात बोली चढवत न्यायची, मध्ये श्वास घ्यायचा नाही, हा माझा तोरा होता. एके दिवशी पुकारता पुकारता जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. अर्धांगाचा झटका होता. सोबत्यांनी जीपमध्ये घालून वेळेत वाशिमला पोचवलं, म्हणून मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळालं आणि जीव राहिला. पण आवाज गेला आणि गिळणंही गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तोंडाने पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतेल. नाकातून नळी घातली. मी मनातल्या मनात देवाशी कडाकडा भांडलो. पाय न्यायचे होतेस, माझा गळा कशाला नेलास?

त्या डॉक्टरीणबाईंनीच मला व्हेगस नावाच्या नसेबद्दल सांगितलं. मेंदूतून निघते, गळ्यातून उतरते, हृदयाला लगाम घालते आणि थेट पोटापर्यंत जाते. गिळणं आणि आवाज बराचसा तिच्याच हाती. झटक्यानंतर मेंदूत जो दाह होतो, तो आवरून मेंदू वाचवायलाही ही नस मदत करत असावी, म्हणून संशोधक तिला विजेची हलकी चेतना देऊन पाहतात. "अजून पुष्कळ शोधायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सावकाश लांब श्वास सोडा, जमला तर हुंकार द्या. मन शांत राहील. त्यापलीकडची हमी मी देत नाही." खोटी हमी न देणारं माणूस मला आवडतं. मी श्वास सोडत राहिलो, पण नुसती हवाच निघे.

दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही बाई म्हणतो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पाणी बंद असल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"घे बापा, बालाजीचं तीर्थ आनलं. एक घोट घे."

बोलता येईना. डावा हात मेलेला, उजव्याला सलाईन. मग उरले दात, ते मी दाबले. चमचा ओठांवर आपटला. बाई रडायला लागली.

"अशा टायमाले देवाले नाही म्हनून राह्यला! काहून रे?"

तिने चमचा पुन्हा पुढे केला. मी डोळे वटारले. तेवढ्यात शेजारच्या पेशंटची बायको उठून आली. अनसिंग गावची होती एवढंच मला माहीत. तिने बाईचा हात धरला.

"थांबा माय, त्याहिले पानी बंद हाय. डॉक्टरीनबाई सांगत होती, मी आयकलं. तीर्थ गळ्याले लावा. ती नस तिथूनच जाते म्हने."

बाईने बोटांनी ते गार पाणी माझ्या गळ्यावर फिरवलं. माझ्या छातीतून हुंकार निघाला. झटक्यानंतरचा माझा पहिला आवाज. तो नसेमुळे आला की देवामुळे, याचा निवाडा मी करत नाही. दुसऱ्या दिवशी त्या माउलीच्या नवऱ्याला सुट्टी झाली. तिचं नाव विचारायचं राहिलं, पण रोज हात जोडताना ती आधी आठवते.

काही आठवड्यांनी गिळण्याची तपासणी झाली. घट्ट केलेलं पाणी चमच्याने चालेल, असं ठरलं. बाईने डॉक्टरीणबाईंना विचारूनच तीर्थात दवाखान्याची पावडर घोटली, खळीसारखं दाट केलं आणि पहिला चमचा मला भरवला. मी गिळलं. माझ्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली तिने पाहिली, आणि तेव्हाचाच प्रश्न पुन्हा विचारला.

"पानी बंद होतं, पन ते तं तीर्थ होतं. तवा दात काहून दाबले होते रे?"

माझा आवाज अजून खरखरत होता. शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या खाटेवर कळलं होतं, पण तिला समजावायला दम पुरला नसता. एवढंच म्हणालो,

"बालाजीनं वाचोलेला जीव त्याच्याच पान्यात बुडू देऊ का, बाई?"

बाईने डोळे पुसले आणि दुसरा चमचा भरला.